उगवत्या टेनिसपटूवरचे वाद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखादं पोरगं किंवा पोरगी पहिल्यांदा मोठ्या स्पर्धेच्या दुसऱ्या आठवड्यात पोहोचली की चाहत्यांत लगेच दोन तट पडतात. एका तटाला पुढचा विजेता सापडलेला असतो, दुसऱ्याच्या मते ड्रॉच (कुणाची गाठ कुणाशी हे ठरवणारी सोडत) सोपा होता. माझ्याकडे येणारे बहुतेक प्रश्न याच भांडणातले असतात. मी सामने वही-पेन घेऊन बघतो (घरचे हसतात, हसोत). त्या वहीतून आणि वर्षानुवर्षं घातलेल्या वादांतून तयार झालेली उत्तरं इथे एकत्र केली आहेत. एकहाती बॅकहँडबद्दल मी निःपक्षपाती नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

१. 'उगवता खेळाडू' नेमकं कुणाला म्हणायचं? वयाची काही अट असते का?

तशी नाही. एटीपीची (पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची संघटना) 'नेक्स्ट जेन' स्पर्धा २० वर्षं आणि त्याखालच्यांसाठी असते. २०२४ मध्ये ती १८ वर्षांच्या जोआव फोन्सेकाने जिंकली. पण स्टॅन वावरिंकाने पहिलं ग्रँड स्लॅम (चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एक), म्हणजे २०१४ ची ऑस्ट्रेलियन ओपन, जिंकली तेव्हा तो २८ वर्षांचा होता.

माझा निकष वेगळा आहे. ज्याच्याविरुद्ध काय करायचं हे बाकीच्यांना अजून ठरवता आलेलं नाही, तो उगवता. पहिल्या मोसमात प्रतिस्पर्धी त्याला ओळखत नसतात. दुसऱ्या मोसमापर्यंत प्रत्येक प्रशिक्षकाकडे त्याच्या सामन्यांचे व्हिडिओ पोहोचलेले असतात आणि त्याचा कच्चा फटका कोणता हे सगळ्यांना कळलेलं असतं. 'पहिलं वर्ष झकास, दुसरं भकास' असं का होतं याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

२. सुधारणा खरी आहे की नुसता एक आठवडा चांगला गेला, हे ओळखायचं कसं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून उत्तरही लांब आहे.

हायलाइट्सवरून ते कळत नाही. पाच मिनिटांच्या क्लिपमध्ये कुणीही राजा दिसतो. मी आधी दुसरी सर्व्हिस बघतो, म्हणजे पहिली चुकल्यावर मिळणारी दुसरी संधी. पहिली सर्व्हिस नैसर्गिक देणगीवर बरीच चालते: उंची, खांदा, लय. दुसरीत लपायला जागा नसते. वहीत मी कोर्टाचा छोटा चौकोन काढतो आणि ३०-३० किंवा ब्रेक पॉइंटला (जो गमावला तर आपल्या सर्व्हिसचा गेम जातो असा गुण) दुसरी सर्व्हिस कुठे पडली तिथे ठिपका देतो. एका तरुण खेळाडूचे ठिपके वर्षभर बॅकहँडच्या बाजूला एकावर एक साचत होते, शाईचा नुसता डाग. समोरचा अर्थातच आधीच तिकडे सरकून उभा राहायचा. पुढच्या मोसमात तेच ठिपके पसरले: काही रिटर्न करणाऱ्याच्या अंगावर, दोन-तीन चक्क फोरहँडकडे. तो तेव्हाही पहिल्या-दुसऱ्या फेरीतच हरत होता, पण मी त्याच्या नावापुढे बरोबरची खूण केली होती.

मग रिटर्नला तो कुठे उभा राहतो ते. समोरच्याची दुसरी सर्व्हिस आली की पाऊलभर आत येतो का? सेटच्या शेवटी ४-४ ला पुन्हा मागे जाऊन उभा राहत असेल, तर नवी सवय अजून अंगात मुरलेली नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे हरतो कुणाकडून आणि कसा. शंभराव्या क्रमांकाकडून ६-२, ६-२ हरणारा जेव्हा दहाव्या क्रमांकाकडून ७-६, ७-५ असा हरायला लागतो, तेव्हा निकालाच्या रकान्यात दोन्हीकडे 'पराभव'च लिहिलेलं असतं. खेळ मात्र दोन पायऱ्या वर गेलेला असतो.

हा फरक डोळ्यांना इतका कमी का दिसतो, याचं उत्तर रॉजर फेडररने २०२४ मध्ये डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात दिलं होतं. १,५२६ एकेरी सामन्यांपैकी जवळपास ८० टक्के त्याने जिंकले, पण त्यातले गुण जिंकले फक्त ५४ टक्के. टेनिसमध्ये सुधारणा म्हणजे शंभरातले दोन-तीन गुण इकडचे तिकडे होणं. ते एका सामन्यात दिसणार कसे? निदान एक पूर्ण मोसम बघा.

३. सामन्यानंतरच्या आकडेवारीत नेमकं काय पाहायचं?

एस (समोरच्याला स्पर्शही न करता आलेल्या सर्व्हिस) मोजणं आधी सोडा. पहिल्या सर्व्हिसची टक्केवारी एकटी काही सांगत नाही. कुणी हळू मारून ७५ टक्के आत टाकतो आणि मार खातो. तिच्याबरोबर 'पहिल्या सर्व्हिसवर जिंकलेले गुण' वाचा. पुरुषांमध्ये दुसऱ्या सर्व्हिसवर निम्म्याच्या आसपास गुण मिळाले तर तो सर्वसाधारण खेळ समजावा. सतत त्याच्या बराच खाली राहणारा खेळाडू पहिल्या सर्व्हिसच्या जिवावर जगत असतो.

ब्रेक पॉइंटच्या आकड्याला चाहते फार चिकटतात. 'अकरापैकी दोनच घेतले, दबावात कच खातो!' अहो, पण अकरा संधी निर्माण केल्या ना? दोनपैकी दोन घेणाऱ्याचा रिटर्न बहुधा त्याच्याहून कमकुवत होता. एका सामन्यातला हा आकडा बराचसा नशिबाचा असतो.

चांगल्या आकड्याचं उदाहरण द्यायचं तर कार्लोस अल्काराझची २०२५ ची यूएस ओपन. त्या मोसमाच्या सुरुवातीला त्याने सर्व्हिसची हालचाल बदलून अधिक सलग केली होती. न्यूयॉर्कमध्ये त्याने स्पर्धाभरात १०१ पैकी ९८ सर्व्हिस गेम राखले. सात सामने, वेगवेगळे प्रतिस्पर्धी, आणि सर्व्हिस गेली फक्त तीनदा. याला मी पुरावा म्हणतो.

४. आमचा खेळाडू विनर (समोरच्याला गाठताच न येणारे फटके) दुप्पट मारतो, तरी हरतो. हे अन्यायकारक नाही का?

अनफोर्स्ड एररचा रकाना वाचलात का? शिवाय तो रकानाही पूर्ण सत्य नसतो. चूक 'टाळता येण्याजोगी' होती की समोरच्याने भाग पाडली, हे नोंद करणारा माणूस ठरवतो. समोरचा प्रत्येक चेंडू खोल आणि उंच टाकत असेल, तर सातव्या फटक्याला तुमच्या खेळाडूने नेटमध्ये मारलेला चेंडू कागदावर त्याची चूक ठरतो. खरं तर ती आधीच्या सहा फटक्यांची कमाई असते.

५. क्रमवारी घसरली म्हणजे खेळ घसरला असंच ना?

असंच नाही. क्रमवारी मागच्या ५२ आठवड्यांच्या गुणांवर चालते. गेल्या वर्षी याच आठवड्यात कमावलेले गुण यंदा वजा होतात. म्हणजे गेल्या वर्षी विजेता आणि यंदा उपांत्य फेरी, तर उत्तम खेळूनही क्रमांक खाली येऊ शकतो.

टोकाचं उदाहरण एमा राडुकानूचं. २०२१ ची यूएस ओपन तिने पात्रता फेरीपासून दहा सामने खेळून, एकही सेट न गमावता जिंकली. ग्रँड स्लॅम विजेतीला २,००० गुण मिळतात. पुढच्या वर्षी ती तिथेच पहिल्या फेरीत हरली आणि ११ वरून थेट ८३ व्या क्रमांकावर गेली. एका रात्रीत कुणाचा खेळ ७२ पायऱ्या खाली येत नाही.

एक विचित्र अपवादही लक्षात ठेवा. २०२२ च्या विम्बल्डनला गुणच नव्हते. रशिया आणि बेलारूसच्या खेळाडूंवर आयोजकांनी बंदी घातली, म्हणून एटीपी आणि डब्ल्यूटीएने (महिला टेनिसची संघटना) स्पर्धेचे गुण काढून घेतले. नोव्हाक जोकोविच आणि एलेना रिबाकिना विजेते ठरले, पण त्यांच्या खात्यात शून्य गुण जमा झाले. त्या वर्षभरातली क्रमवारी पुढे करून कुणी वाद घालत असेल तर हे आधी विचारा.

६. 'ड्रॉ सोपा होता' हा युक्तिवाद कितपत खरा?

कधी कधी पूर्ण खरा असतो. पण तो लावायच्या आधी नावं तरी वाचावीत. २०२५ मध्ये व्हिक्टोरिया म्बोको १८ व्या वर्षी, वाइल्ड कार्डवर (आयोजकांनी दिलेल्या खास प्रवेशावर), मॉन्ट्रियलला जिंकली. वाटेत तिने सोफिया केनिन, कोको गॉफ, एलेना रिबाकिना आणि अंतिम फेरीत नाओमी ओसाका यांना हरवलं. चौघीही ग्रँड स्लॅम विजेत्या. इथे 'सोपा ड्रॉ' म्हणणाऱ्याने निदान स्कोअर तरी बघितलेला नसतो.

७. आक्रमक शैली चांगली की बचावात्मक?

प्रश्नच थोडा चुकलाय. शैली म्हणजे दर्जा नव्हे. चाहते मात्र 'तो तळरेषेमागून नुसता चेंडू परत टाकतो' असं म्हणतात, तेव्हा त्यांना 'मला बघायला आवडत नाही' एवढंच म्हणायचं असतं. तसं म्हणायला काहीच हरकत नाही.

पाहायचं ते हे: शैली आणि शरीर जुळतंय का? दिएगो श्वार्ट्झमन जेमतेम १ मीटर ७० सेंटिमीटर उंचीचा. त्याला सर्व्हिसवर फुकटचे गुण मिळणं शक्यच नव्हतं. म्हणून त्याने सगळा खेळ रिटर्न आणि पायांवर उभारला, आणि जगात आठव्या क्रमांकापर्यंत पोहोचला. त्याला 'अधिक आक्रमक हो' असा सल्ला देणारे तेव्हाही होते.

आणि दुसरं, एकच योजना फसली तर हाताशी दुसरी आहे का? अल्काराझचे ड्रॉप शॉट लोकांना शोभेचे वाटतात. पण त्याचा जोरदार फोरहँड येणार म्हणून समोरचा दोन मीटर मागे उभा राहतो, आणि मग त्या मोकळ्या जागेत चेंडू अलगद पडतो. फोरहँडची भीती नसती तर तोच ड्रॉप शॉट आत्मघातकी ठरला असता.

८. एकहाती बॅकहँड असलेल्या तरुण खेळाडूवर आशा ठेवावी का?

ठेवा हो! मी ठेवतो. पण डोळे उघडे ठेवून. खांद्याच्या उंचीवर उसळणारा, भरपूर टॉपस्पिनचा चेंडू एका हाताने दाबणं कठीण, आणि वेगवान सर्व्हिसच्या रिटर्नला वेळ कमी पडतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये स्टेफानोस त्सित्सिपास पहिल्या दहातून बाहेर पडला, तेव्हा एटीपी क्रमवारीच्या इतिहासात प्रथमच पहिल्या दहात एकहाती बॅकहँडवाला कुणीच उरला नाही. नंतर ग्रिगोर दिमित्रोव्ह आणि लोरेन्झो मुसेत्ती यांनी ती पोकळी भरली. मुसेत्तीचा स्लाइस बघताना मी वहीत काही लिहीत नाही, नुसता बघत बसतो.

९. चांगला चाललेला फटका मध्येच बदलायची काय गरज? प्रशिक्षकाने खेळाडूचा खेळ बिघडवला, असं नाही का?

बदलाच्या काळात खेळ बिघडतोच. हात जुन्या वाटेने जायचा असतो, डोकं नव्या वाटेने ढकलत असतं, आणि चेंडू उडवून मारायला क्षणभरच मिळतो. सरावात नवी सर्व्हिस सुंदर पडते. ४-५, ३०-४० ला जुनीच उगवते किंवा दोन्हींची खिचडी होते. म्हणून या काळात दुहेरी चुका (दोन्ही सर्व्हिस चुकून गेलेले गुण) वाढल्या तर लगेच बोंब ठोकू नये.

आरिना सबालेन्काचं २०२२ आठवा. वर्षाच्या सुरुवातीला अ‍ॅडलेडला तिची सर्व्हिस इतकी हरवली होती की हात खालून सर्व्हिस करायची वेळ आली. त्याच वर्षी तिने गॅव्हिन मॅकमिलन या शरीराच्या हालचालींच्या तज्ज्ञाबरोबर सर्व्हिस नव्याने बांधली. जानेवारी २०२३ मध्ये ती ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली.

कोको गॉफने २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्याच मॅकमिलनला बोलावलं. त्याआधी जुलैच्या शेवटी मॉन्ट्रियलला तिने एका सामन्यात २३ दुहेरी चुका केल्या होत्या (आणि सामना जिंकला होता, हा तिचा स्वभाव!). यूएस ओपन काही दिवसांवर असताना असा बदल सुरू करणं अनेकांना वेडेपणा वाटला. ती तिथे चौथ्या फेरीत हरली, पण ऑक्टोबरमध्ये वुहानला जिंकली. सर्व्हिसचा प्रश्न कायमचा सुटला असं मी म्हणणार नाही. पण हातात दोन ग्रँड स्लॅम असताना मुळापासून दुरुस्तीला बसायची तयारी फार थोड्यांची असते.

उशिरा केलेला बदलही फळतो. फेडररने २०१४ मध्ये ९० चौरस इंचाची रॅकेट सोडून ९७ ची घेतली. २०१७ च्या ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम सामन्यात, पस्तिसाव्या वर्षी, राफेल नदालच्या उसळत्या चेंडूंवर तो बॅकहँड मागे न सरकता मारत होता, त्यामागे हाही एक बदल होता.

प्रशिक्षकाने खरंच बिघडवलं असं कधी म्हणावं? पूर्ण मोसम गेल्यावरही सरावातला आणि सामन्यातला फटका वेगळाच दिसत असेल तर. तोवर धीर धरावा.

१०. तो एकाच मोठ्या प्रतिस्पर्ध्याकडून सारखा हरतो. म्हणजे मर्यादा आली ना?

त्या पराभवातून तो काय उचलतो यावर आहे. २०२५ च्या यूएस ओपनच्या अंतिम फेरीत यानिक सिनर अल्काराझकडून चार सेटमध्ये हरला. त्यानंतर त्याने स्वतःच कबूल केलं की आपला खेळ फार ओळखीचा झाला होता, आणि त्यात बदल करताना काही सामने हरावे लागले तरी चालतील. नोव्हेंबरमध्ये ट्युरिनच्या एटीपी फायनल्समध्ये त्याने अल्काराझला ७-६, ७-५ असं हरवलं. क्रमवारीत जवळपास शिखरावर असलेला माणूस 'माझा खेळ पुरेसा नाही' म्हणतो, तिथे तुमच्या आवडत्या विसाव्या क्रमांकाच्या खेळाडूच्या चाहत्यांनी एवढं दुखावून घ्यायचं कारण नाही.

११. 'मानसिकदृष्ट्या कच्चा आहे' असं म्हणणं योग्य आहे का?

मला हे वाक्य आवडत नाही, कारण ते नेहमी निकाल लागल्यावर बोललं जातं.

८ जून २०२५, रोलाँ गॅरो (फ्रेंच ओपन), अंतिम सामना. सिनर दोन सेटला एक असा पुढे, चौथ्या सेटमध्ये ५-३, आणि अल्काराझच्या सर्व्हिसवर ०-४०. विजेतेपदासाठी सलग तीन गुण हातात. तिन्ही गेले. मग ५-४ ला सिनरला स्वतःच्या सर्व्हिसवर सामना संपवता आला नाही. सेट गेला, आणि ५ तास २९ मिनिटांनी अल्काराझने पाचव्या सेटचा टायब्रेक (६-६ नंतरचा निर्णायक गेम) १०-२ असा घेतला. त्या रात्री 'सिनर कच्चा' हे अनेकांचं ठाम मत झालं होतं. मधल्या भागाचा त्यांना विसर पडला: पाचव्या सेटमध्ये अल्काराझ ५-४ ला सामना जिंकण्यासाठी सर्व्हिस करत असताना सिनरने ती भेदली होती. कच्चा माणूस हे करतो?

पाच आठवड्यांनी विम्बल्डनच्या अंतिम फेरीत पुन्हा हेच दोघे. सिनरने पहिला सेट गमावला आणि पुढचे तिन्ही ६-४ ने जिंकले.

१२. एकाच पृष्ठभागावर चालतो, बाकी ठिकाणी नाही. हे बदलतं का?

बदलतं, पण कारण माहीत हवं. रॅकेटची मूठ फार खालून धरणाऱ्या खेळाडूला मातीवर मजा येते, कारण चेंडू छातीपर्यंत येतो आणि मोठा स्विंग घ्यायला वेळ मिळतो. हिरवळीवर चेंडू घसरत, गुडघ्याजवळ येतो. तिथे त्या पकडीने चेंडूखाली जाणं अवघड पडतं.

इगा श्वीऑन्तेकवर 'ग्रास जमत नाही' हा शिक्का वर्षानुवर्षं होता. २०२५ पूर्वी विम्बल्डनमध्ये तिची मजल उपांत्यपूर्व फेरीपर्यंतच. त्या वर्षी ती जिंकली, आणि अंतिम सामना ६-०, ६-० असा. शिक्का मारणाऱ्यांपैकी मीही एक होतो.

१३. ज्युनियर ग्रँड स्लॅम जिंकलेला खेळाडू पुढे हमखास चमकतो का?

नाही. फोन्सेका २०२३ ची ज्युनियर यूएस ओपन जिंकून आला, पण अल्काराझ किंवा जोकोविचकडे एकेरीचं एकही ज्युनियर ग्रँड स्लॅम नाही. सिनर तर लहानपणी स्कीइंगमध्ये रमलेला. २०१९ मध्ये, १७ व्या वर्षी, त्याने बेर्गामोची चॅलेंजर (मुख्य दौऱ्याच्या खालच्या पायरीची) स्पर्धा वाइल्ड कार्डवर जिंकली. ज्युनियरपेक्षा चॅलेंजरचे निकाल बघा. तिथे समोर पोटासाठी खेळणारी माणसं असतात.

१४. सोळा-सतरा वर्षांची मुलगी एवढी चांगली खेळते, मग मोजक्याच स्पर्धा का खेळते? दुखापत लपवतात का?

बहुतेक वेळा कारण नियमात असतं. डब्ल्यूटीए १८ वर्षांखालच्या मुलींच्या व्यावसायिक स्पर्धांवर वयानुसार मर्यादा घालते. जेनिफर कॅप्रियाती १९९० मध्ये १३ व्या वर्षी व्यावसायिक झाली आणि पुढे तिची जी ओढाताण झाली, त्यानंतर हे नियम कडक केले गेले. त्यामुळे १७ व्या वर्षी २०२५ ची दुबईची स्पर्धा जिंकणाऱ्या मीरा आंद्रेयेवासारख्या मुलींना स्पर्धा निवडून खेळाव्या लागतात. अशा खेळाडूची क्रमवारी वाचताना प्रश्न ५ बरोबर हेही ध्यानात ठेवा.

१५. सामना चालू असताना प्रशिक्षक बोलतो, ही फसवणूक नाही का? मग श्रेय कुणाचं?

फसवणूक नाही. एटीपीने जुलै २०२२ पासून ते प्रायोगिक तत्त्वावर सुरू केलं आणि २०२५ च्या सुरुवातीपासून कोर्टाबाहेरून सूचना देणं आंतरराष्ट्रीय नियमांतच आलं. सूचना मिळाली तरी फटका खेळाडूलाच मारावा लागतो. एवढं मात्र खरं की 'एकट्याने मार्ग शोधला' हे कौतुक आता पूर्वीपेक्षा जपून करावं लागतं.

१६. 'पुढचा फेडरर', 'पुढचा नदाल' म्हणणं का टाळावं?

दिमित्रोव्हला विचारा. फटके फेडररसारखे दिसायचे म्हणून 'बेबी फेड' हे नाव त्याला चिकटलं. तो २०१७ ची एटीपी फायनल्स जिंकला, तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. फार थोड्यांना जमेल अशी कारकीर्द. तरीही त्या नावाच्या मापाने मोजणाऱ्यांना ती अपुरीच वाटत राहिली.

१७. प्रतिस्पर्ध्याने माघार घेतली तर तो विजय मोजायचा का? आमच्यात यावरून रोज भांडण होतं.

नियम सरळ आहे. सामन्याचा पहिला गुण खेळला गेल्यानंतर कुणी सोडून दिलं, तर तो विजय म्हणून नोंदला जातो आणि आमनेसामनेच्या हिशेबातही धरला जातो. सामना सुरू होण्याआधीच माघार घेतली तर पुढे चाल मिळते, त्या फेरीचे गुणही मिळतात, पण जय-पराजयाच्या नोंदीत तो सामना येत नाही. २०२५ च्या सिनसिनाटीच्या अंतिम फेरीत आजारी सिनरने पहिल्या सेटमध्ये ०-५ असताना सामना सोडला. अल्काराझच्या खात्यात तो पूर्ण विजय आहे, विजेतेपदही. सुधारणेचा अंदाज घेताना मात्र मी त्या दिवशीचं पान कोरं ठेवलं. जेमतेम पाच गेममध्ये, उभं राहणंही कठीण झालेल्या माणसासमोर, कुणाचा खेळ काय कळणार?